बिनचष्म्याने पाहिलेला वाटमाऱ्या

इकडे परदेशात, लेकीच्या गावी, डून लेरी बंदराच्या धक्क्यावर जानेवारीत असा वारा असतो, की बोलायला तोंड उघडलं तर आधी दात गारठतात. तरी मी बोलत असायचे. नऊ वर्षांची नात बरोबर असली की दर दहा पावलांना काहीतरी सांगावं लागतं, नाहीतर ती प्रश्न विचारते, आणि तिच्या प्रश्नांपेक्षा वारा बरा.

२०२१ चा जानेवारी. शाळा बंद, दुकानं बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा हुकूम. मी आले होते दोन महिन्यांसाठी, आदल्या फेब्रुवारीत, लेकीच्या दुसऱ्या, चाळिशी उलटल्यावरच्या, बाळंतपणाला. बरोबर डिंकाचे लाडू होते आणि परतीचं तिकीट. लाडू मार्चमध्ये संपले. तिकिटाच्या मागच्या बाजूला मी वाणसामानाची यादी लिहिली. बाळ आता भिंत धरून उभं राहायला लागलं होतं आणि मी इथेच.

हे नागपुरात होते. हे म्हणजे माझा नवरा. आमच्या पिढीत नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. "थंडी सरली की एप्रिलमध्ये येतो," म्हणाले होते, आणि एप्रिलपर्यंत आकाशातली विमानंच सरली. पुढे खास विमानं सुरू झाली तेव्हा लेक म्हणाली, "आई, तुला दमा आहे. विमानात शेजारी कोण बसेल काय सांगावं?" आणि हे फोनवर म्हणाले, "तू येऊ नको. इकडे काही खरं नाही." मी दोघांचं ऐकलं. जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या बाईने इतक्या चटकन ऐकलं, त्यावरून काय ते समजा. मी घाबरले होते.

घरात माणसं थोडी आणि दारं फार. लेक वरच्या खोलीत बसून ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसचं काम करायची. ती घरात आहे हे फक्त जिन्यातून येणाऱ्या इंग्रजीवरून कळायचं. जावई डॉक्टर, किलकेनीच्या इस्पितळात. आम्हाला काही लागू नये म्हणून तिथेच खोली घेऊन राहायचा. उरलो मी, बाळ आणि नात. नातीला मराठी सगळं समजतं. उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या हेलात.

तर त्या दिवशी धक्क्याच्या टोकाला पोचताना ती म्हणाली, "आजी, आय फाउंड इट."

"काय सापडलं?"

"आजोबांचा पिक्चर. घोडीवाला. इट्स ऑनलाइन!"

मी थांबले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे चेहऱ्यावर काय झालं ते तिला कळलं नसावं.

"संडेला बघू या," ती म्हणाली, चक्क मराठीत, म्हणजे गोष्ट महत्त्वाची होती. "तू, मी अँड आजोबा ऑन द फोन. इट'ल बी ग्रँड."

ग्रँड! बेटा, तो पिक्चर मी पाहिलेलाच नाही. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं, सत्तेचाळीस वर्षं.

आता त्या बावीस वर्षांच्या शहाणीबद्दल सांगायलाच हवं. मला पाहायला मंडळी आली तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, वादविवादात ढाल मिळवलेली, आणि स्त्रीने कुणापुढे झुकू नये यावर अर्धा तास न थांबता बोलू शकणारी. डोळ्यांना चष्मा, वजा अडीच. हातातलं पुस्तक स्वच्छ दिसायचं, पण खोलीच्या पलीकडे बसलेला माणूस म्हणजे एक पांढरा सदरा आणि वर एक डाग. फाटकाची कडी वाजली तशी आत्याने माझ्या नाकावरचा चष्मा उचलला आणि रव्याच्या डब्यात खुपसला. "चष्मेवाली म्हटलं की स्थळं उंबऱ्यातून परत जातात. लग्न होईस्तोवर हा इथेच." आणि ढालवाली शूर बाई काय म्हणाली? काही नाही. पोह्यांची ताटली उचलून अंदाजाने चालत गेली. ताटली देताना हातभर अंतरावरून दोन क्षण मुलाचा चेहरा दिसला. बाकी पसंत केला तो आवाज. जरा बसका, हसण्याच्या आधी थांबणारा.

लग्न झाल्यावर सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. चष्मा ट्रंकेत, शालूच्या घडीत. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून शिकलेली आहे पण गर्विष्ठ दिसते, रस्त्यात ओळख दाखवत नाही." ओळख दाखवायला माणूस दिसावा लागतो! एकदा दारात उभ्या असलेल्या दूधवाल्याला चुलतसासरे समजून मी वाकून नमस्कार केला. त्याने घेतलाही. वर "अखंड सौभाग्यवती भव" म्हणाला.

हे कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि शनिवारी फिल्म सोसायटीचं प्रोजेक्टर चालवायचे. मुंबईहून पत्र्याच्या पेटीतून रिळं यायची, रेल्वेने. दाखवून झाली की परत. लग्नाला सहा महिने झाले असतील, तेव्हा हा पिक्चर आला. फार जुना इंग्रजी मूकपट, इंग्लंडमधल्या एका दंतकथेतल्या वाटमाऱ्यावरचा. गाड्या अडवणारा, बायकांशी अदबीने वागणारा, आणि त्याची काळी घोडी. यांना त्या पेटीचं इतकं कौतुक, की तीन दिवस आधीपासून रोज स्टेशनवर चौकशी. "तुला आवडेल बघ," मला म्हणाले. मला पुढच्या रांगेत बसवलं, कारण प्रोजेक्टरवाल्याची बायको. चष्मा ट्रंकेत.

मला काय दिसलं सांगू? ढगांची मारामारी. करडे ढग पांढऱ्या ढगांच्या अंगावर जातात, मध्येच एक काळा ढग जोरात पळतो. तो घोडी असावा. मूकपट म्हणजे बोलणं नाही, बोलण्याच्या ऐवजी इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. त्या मला ओल्या भिंतीवरच्या बुरशीसारख्या दिसत होत्या. लोक हसले की मी हसत होते, लोक गप्प झाले की पदर सावरत होते.

शेवटचं रीळ लावलं आणि प्रोजेक्टरचा पट्टा तुटला. चित्र पडद्यावर येत होतं, पण संपलेली फिल्म गुंडाळून घेणारं चाक फिरेना. परक्याची फिल्म जमिनीवर सांडली, मळली तर पुढच्या वेळी पेटी यायची नाही. म्हणून हे मशीनच्या मागे फरशीवर बसले आणि हाताने चाक फिरवत राहिले, अख्खं रीळ. पडदा दिसायची सोयच नव्हती, मध्ये टेबल होतं.

घरी येताना सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधलेली, म्हणून दोघंही चालत. हे सायकल ढकलत होते. म्हणाले, "शेवटी काय झालं गं? मी तर चाक फिरवत राहिलो." पेटी सकाळच्या गाडीने परत जाणार होती.

तेव्हा म्हणता आलं असतं, "अहो, मला दिसत नाही." चार शब्द. पण ढालवाली म्हणाली, "फारच सुंदर शेवट आहे." आणि घातली पदरची गोष्ट. वाटमाऱ्या टोलनाक्याशी येतो, फाटक बंद, मागे शिपाई. तो उतरतो, घोडीच्या मानेवर हात ठेवतो, लगाम सोडतो. घोडी भिंतीवरून उडी मारते आणि निघून जाते. मग त्याला पकडतात, मग त्याची पांढऱ्या केसांची म्हातारी आई येते, उंच खुर्चीत बसून त्याला खूप बोलते.

"आणि घोडी?"

"गेली. पुन्हा दिसलीच नाही." एवढं एक वाक्य खरं होतं.

हे सायकल धरून उभे राहिले. "वा," म्हणाले.

वर्षभराने लेकीच्या वेळी दिवस गेले, आणि मी संधी साधली. "डोळ्यांपुढे अंधुक दिसतं," म्हणाले. डॉक्टरने चष्मा दिला. "बाळंतपणात डोळे गेले बिचारीचे," सासूबाई हळहळल्या, आणि मला महिनाभर जास्तीचं तूप वाढलं. मी ते खाल्लं. लाज वाटली का? तूप चांगलं होतं.

पण ती गोष्ट यांनी ठेवून घेतली. वर्गात सांगितली, लेकीला निजवताना सांगितली, आणि आता रविवारी फोनवरून नातीला सांगायचे. सांगता सांगता घोडी दूरवर गेली होती: कुरणं, नदी, समुद्राचा काठ. "ती अजून पळून राहिली," हे म्हणायचे. "थकली की थांबते, पाणी पिते. पण पळून राहिली."

नात झोपली, लेकीची मीटिंग संपली, तरी त्या शुक्रवारी रात्री माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. सत्तरीच्या बाईने काय करावं? मी लॅपटॉपचा चार्जर पिठाच्या डब्यात लपवला. आत्याची पुतणी शोभते. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये, खालच्या खणात, मागे. शनिवारी दुपारपर्यंत सापडला.

"आजी! व्हाय इज द चार्जर इन द पीठ?"

"मुंग्या लागू नयेत म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांची मुलं फार वाईट बघतात.

त्याच दुपारी, तिकडे रात्र होण्याच्या आत, यांना फोन लावला. तिकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी फोन धरायच्या. हे दिसले, खुर्चीत, स्वेटर घालून. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की हे माझ्याकडे बघत नाहीत. फोन समोर होता आणि ते खिडकीकडे बघून बोलत होते. मागच्या आठवड्यातही असंच होतं. मला वाटलं होतं, बाहेर काहीतरी असेल.

"अहो, इकडे बघा की."

"बघूनच राहिलो."

मग मावशींचा आवाज आला, फोनच्या मागून. "आजी, मी सांगतो म्हटलं तर बाबा रागावते. त्याईले दिसून नाही राहिलं काही. दिवाळीपासून."

काचबिंदू होता, थेंब चालू होते, दर तीन महिन्यांनी दाखवायचं होतं. बंद पडलेल्या शहरात हे घराबाहेर पडले नाहीत आणि डोळे हळूहळू विझत गेले. आता उजेड कुठला आणि सावली कुठली एवढं कळत होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय तू तिथून थेंब टाकणार होती?"

उत्तर होतं, पण ते विमानतळावरून जात होतं. मग हे म्हणाले, "उद्या पिक्चर आहे ना? तू सांग. मला दिसायचं नाही, पण तुला तर पाठ आहे."

रविवारी सकाळी सगळे उठायच्या आधी मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. कान, नाक, चष्मा, सगळं जागेवर. बाहेर धुकं होतं आणि बंदराचा भोंगा वाजत होता, दर थोड्या वेळाने, कंटाळलेल्या गाईसारखा. सत्तेचाळीस वर्षांनी मी तो पिक्चर पाहिला. करड्या ढगांना तोंडं होती. टोपीला पिसं होती. खानावळीतली मुलगी दिसायला बरी होती. मला ती तेव्हा खांब वाटली होती. हसू आलं, मग शेवटचं रीळ आलं आणि हसू गेलं. मी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ओट्याशी उभी होते, चहा पुन्हा गरम करायला ठेवला होता, तो उतू गेला.

अकरा वाजता आम्ही टेबलाशी बसलो. लॅपटॉप समोर, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, फोनमध्ये हे. तिकडे दुपारचं ऊन होतं आणि मावशींनी यांना धुतलेला सदरा घातला होता, थिएटरला जाताना घालतात तसा.

"सुरू झाला का?"

"झाला. रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी. घोड्यांची गाडी येतेय."

"मुखवटा घातला का त्याने?"

"ही'ज वेअरिंग इट राँग, आजोबा," नात म्हणाली. "युवर मॅन'ज नोज इज आउट!" इथे 'युवर मॅन' म्हणजे नुसता तो गडी. त्याचा मुखवटा डोळ्यांवर होता, नाक-तोंड उघडं, त्या वर्षी असल्या माणसाला दुकानात घेतलं नसतं. हे इतके हसले की खोकला आला. मी थांबले. "सांग सांग," म्हणाले.

मी सांगत गेले. पाट्या नात वाचत होती, मी मराठी करत होते. टोलनाका आला, शिपाई वाट अडवून उभे. "जस्ट लाइक द गार्ड्स!" नात ओरडली, इथल्या पोलिसांना गार्ड म्हणतात, आणि ते त्या दिवसांत नाक्यानाक्यावर उभे राहून कुठे चाललात विचारत होते. वाटमाऱ्याने काही उत्तर दिलं नाही. घोडीवर बसल्या बसल्या फाटकावरून उडी मारली.

"बसल्या बसल्या?" हे म्हणाले. "तो तर उतरला होता ना? लगाम सोडला होता."

नातीने माझ्याकडे बघितलं. पडद्यावर घोडी पळत होती, लांबच लांब रस्ता, मान खाली जाऊ लागलेली. मी बघितलं फोनकडे. हे खिडकीकडे तोंड करून वाट बघत होते, कान पुढे करून. मला एक वाक्य बोलायचं होतं, "चुकले, हा दुसराच कुणी," की घोडी पुन्हा भिंतीपलीकडे गेली असती. यांना दिसत नव्हतं. नातीला मी डोळ्यांनी दटावलं असतं. खोटं बोलायला इतकी सोय पुन्हा मिळाली नसती.

"अहो," मी म्हणाले, "तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं."

"कधी?"

"तेव्हा. नागपूरला. मला चष्मा होता लग्नाआधीपासून. आत्याने रव्याच्या डब्यात लपवला होता. मी तो पिक्चर बिनचष्म्याने पाहिला. शेवट मी माझ्या मनाने रचला."

नातीने पिक्चर थांबवला. तेवढी अक्कल तिला होती.

"आणि बाळंतपणात डोळे गेले ते?"

"ते तूप खाण्यासाठी."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये," हे सावकाश म्हणाले, "तुला मी दिसत नव्हतो?"

"आवाज यायचा तुमचा. मागून."

"दर रिळाला दिवे लागले की मी हात करत होतो. तू वळायची. सरळ माझ्याकडे बघायची. आणि पुन्हा समोर तोंड करायची. चार वेळा."

भोंगा वाजला.

"मला वाटलं, हिला हे लग्न पसंत नाही."

"अहो! किती दिवस वाटत होतं असं?"

"झाली असतील दोनेक वर्षं. मग पोरगी झाली, मग वाटायला वेळ कुठे होता?"

दोन वर्षं. मी त्या दोन वर्षांत काय करत होते? नवऱ्याने विचारू नये म्हणून ट्रंकेला कुलूप लावत होते. त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत द्यावी असं मला आजवर पुष्कळदा वाटलं आहे, पण त्या रविवारी जितकं वाटलं तितकं कधी नाही. फार हुशार होती ना.

"बरं," हे म्हणाले. "आता सांग. खरं काय झालं?"

"घोडी मरते."

"कशी?"

"पळून पळून. आधी गुडघ्यावर येते, मग आडवी होते. तो टोपीत ओढ्याचं पाणी आणतो. ती पीत नाही. तो रस्त्यात बसतो आणि तिचं डोकं मांडीवर घेतो. लांबून शिपाई येताना दिसतात. पळून जायला वेळ असतो त्याला. तो उठत नाही. तिथेच पकडतात."

"आणि म्हातारी आई?"

"ती आई नाही हो. न्यायाधीश आहे. पांढऱ्या केसांचा टोप घातलेला. फाशीची शिक्षा सांगत असतो."

आता मात्र हसले. डोळे मिटून, आवाज न करता, खांदे हलत होते. मावशीही हसल्या, काय झालं ते न समजता. नातीला हसायचं नव्हतं. तिची घोडी मेली होती. तिने पिक्चर पुन्हा सुरू केला, नाक स्क्रीनला लावून, आणि घोडी आडवी झाल्यावर एकदम किंचाळली.

"हर इअर! आजी, हर इअर मूव्हड! शी'ज नॉट डेड!"

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच. नट कपाळावर हात मारून रडतोय आणि मेलेल्या घोडीने कान झटकला, माशी हाकलावी तसा.

"कान हलला?" यांनी विचारलं.

"हलला हो. शपथ. या वेळी चष्मा आहे."

"मग झालं. ती मेली नाही, त्याला कळलं नाही एवढंच." आणि नातीला म्हणाले, "बेटा, ती नंतर उठली असेल. पण आजीची गोष्ट आता ठेवू नको. ही ठेव." मग आवाज खाली करून, बहुतेक मलाच, "तुझ्या गोष्टीत ती वाचायची खरी, पण एकटीच कुठे कुठे जायची. मी तिला रोज नवी जागा शोधत होतो. यात निदान कुणी जवळ बसलं आहे."

त्यांनी ते मला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. तसं म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. भांडण मला कधी जड गेलं नाही.

त्या दिवशी फोन ठेवताना यांनी हात वर केला. फोनकडे नाही, खिडकीच्या उजेडाकडे, जरा डावीकडे. "मी हात केला. तू केला का?"

"केला."

"खरं?"

"खरं हो."

मग रोज तसंच. मी लेकीला म्हणाले, मला जायचं आहे, दमा गेला खड्ड्यात. ती रडली, मग तिने तिकिटं शोधली. मार्चअखेरचं मिळालं आणि रद्द झालं, एप्रिलचं मिळालं. मी बॅग भरली. त्यात यांच्यासाठी लोकरीचे मोजे होते, इथले, नागपूरच्या उन्हाळ्यात कुणाला हवेत?

एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. यांना बुधवारी ताप आला. मावशींना आधी आला होता, त्या घरी गेल्या, फोन धरायला कुणी उरलं नाही. शेजारच्या घरातल्या मुलाने खटपट करून खाट मिळवली. इस्पितळातून एकदाच फोन आला, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यातल्या नर्सने धरलेला. बाई की मुलगी, कळत नव्हतं, नुसते डोळे. यांच्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मी बोलत होते, काय ते आठवत नाही, बहुधा मोज्यांबद्दल. नर्स म्हणाली, "काकू, आता ठेवते हं, पुढच्या खाटेवर जायचंय." तेव्हा यांचा हात चादरीवरून वर आला. सुई टोचलेला. छताकडे. चार बोटं उंच, जास्त नाही.

"ते काय मागताहेत?" नर्सने विचारलं.

"काही मागत नाहीत," मी म्हणाले. "त्यांना सांगा, इकडून केला म्हणून."

तिने वाकून सांगितलं. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. शनिवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. माझं विमान मंगळवारचं होतं.

अंत्यविधी आम्ही स्वयंपाकघरात पाहिला, त्याच टेबलाशी, फोन त्याच बरणीला टेकवून. लेक वर गेली, तिला बघवेना. नात माझ्या शेजारी बसून राहिली आणि म्हणाली, "आजी, यू डोन्ट हॅव टू लुक." मग, माझ्यासाठी, मराठीत, "नको बघू."

चष्मा काढायचा मोह झाला. वजा अडीचचा आता वजा पाच आहे. काढला असता तर सगळं ढग झालं असतं, करडं आणि पांढरं, आणि मी त्यातून काहीही रचू शकले असते. माझा हात चष्म्यावर चोरासारखा गेलाही होता. मी तो खाली घेतला. तो दूधवाला आठवला, आशीर्वाद देणारा. दुधात पाणी घालायचा. आशीर्वादातही घातलं असणार, पण सौभाग्य सत्तेचाळीस वर्षं पुरलं.

मी काच पदराने पुसली आणि शेवटपर्यंत बघितलं. पट्टा तुटला नाही. सगळं स्वच्छ दिसलं.